नदीतले खुंट, सायकलींचा ताफा आणि दोन रंगांचा पूल : व्हिएतनामबद्दल थोडं

खडूस मास्तर

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून, त्यांच्या नेत्याने समाधीवर ‘शिवाजीचा एक मावळा’ असं कोरून घेतलं, त्यांच्या मंत्र्यांनी भारतातून मूठभर माती नेली, वगैरे वगैरे. राजस्थानातल्या एका मित्राकडे हाच मेसेज महाराणा प्रतापांच्या नावाने फिरतो. मजकूर तोच, नाव तेवढं बदललेलं. पुरावा दोन्हीकडे शून्य. त्यांचे नेते हो चि मिन्ह यांना तर समाधीच नको होती. मला दहन करा आणि राख देशाच्या उत्तर, मध्य, दक्षिण अशा तिन्ही भागांत ठेवा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. (पक्षाने ऐकलं नाही. हनोईत काचेच्या पेटीत ठेवलंय, लोक रांग लावून बघतात.)

महाराजांना असल्या सर्टिफिकिटांची गरज नाही, ते सोडा. मला खटकतं ते वेगळंच. गनिमी कावा व्हिएतनामी माणसाला बाहेरून आणावा लागला असेल असं वाटायला त्यांच्या इतिहासाचं एकही पान उघडलेलं नसावं लागतं. म्हणून हा धागा.

चीनच्या अमलाखाली हा देश जवळपास हजार वर्षं होता. इ.स.पू. १११ पासून. मध्ये इ.स. ४० मध्ये चुंग बहिणींनी बंड करून तीन वर्षं राज्य केलं, ते मोडलं गेलं. सुटका झाली ती ९३८ मध्ये, हायफाँगजवळच्या बाक डांग नदीत. न्गो क्वेन या सरदाराने नदीच्या तळात लोखंडी टोकं बसवलेले लाकडी खुंट ठोकून ठेवले. भरतीला ते पाण्याखाली बुडालेले. छोट्या होड्या पुढे करून शत्रूच्या जहाजांना आत ओढलं, लढल्यासारखं केलं, पळाल्यासारखं केलं, आणि पाणी उतरायला लागल्यावर उलटे फिरले. मोठी जहाजं खुंटांवर अडकली ती अडकलीच.

आता गंमत बघा. साडेतीनशे वर्षांनी, १२८८ मध्ये, कुबलाई खानाच्या आरमाराला चान हुंग दाव याने त्याच नदीत, त्याच युक्तीने गाठलं. एकच सापळा दोनदा लागतो याचा अर्थ दुसऱ्याने इतिहास वाचलेला नव्हता. पण मला त्या लढाईतलं खरं मर्म खुंटांच्या आधीचं वाटतं. मंगोल तीनदा आले, तिन्ही वेळा राजधानी थांग लाँग, म्हणजे आजचं हनोई, रिकामी करून दिली. धान्य हलवलेलं, माणसं हललेली. तिसऱ्या वेळी मंगोलांची रसद घेऊन येणारी जहाजं समुद्रातच बुडवली. उपाशी सैन्य परत निघालं आणि परतीच्या वाटेवर नदीत अडकलं. म्हणजे लढाई पोटावर जिंकली, खुंट हा शेवटचा घाव.

आणि जिंकल्यावर काय केलं? कुबलाईला नजराणा पाठवला. हरलेल्या बलाढ्य शेजाऱ्याला तोंड लपवायला जागा दिली की तो पुन्हा येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हेच ले लोईने केलं. मिंग चिन्यांनी १४०७ मध्ये देश गिळला. ले लोई १४१८ ला लाम सन गावातून उठला आणि १४२७ ला चिनी सेनापती हनोईत कोंडला गेला. लोक म्हणत होते कापून काढा. ले लोईचा सल्लागार न्गुएन चाय हा कवी आणि पंडित. त्याच्या सल्ल्याने हरलेल्या सैन्याला घरी जायला पाचशे होड्या आणि काही हजार घोडे देण्यात आले. हे त्याने विजयाच्या जाहीरनाम्यात अभिमानाने लिहिलंय. मला हे वाचताना दर वेळी थांबायला होतं.

१७८९ चं थोडक्यात सांगतो. छिंग चिनी फौज हनोईत तेत साजरा करत बसलेली. तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, आपली दिवाळी-पाडवा एकत्र समजा. न्गुएन ह्वे, म्हणजे सम्राट क्वांग चुंग, याने आपल्या सैन्याला सण आधीच करायला लावला आणि शत्रूच्या सणात हल्ला केला. ओल्या पेंढ्याने मढवलेल्या फळ्यांच्या ढाली पुढे, मागे माणसं. पाचव्या दिवशी राजधानी हातात. चिनी सेनापती घोड्यावर खोगीर न घालता पळाला म्हणतात. १९६८ मध्ये कम्युनिस्टांनी अमेरिकनांवर ऐन तेतच्या सणात हल्ला केला, त्याचा उगम शोधायला लांब जायला नको.

फ्रेंच १८५८ ला दा नांगला तोफा डागत आले आणि पंचवीस-तीस वर्षांत सगळा प्रदेश त्यांच्या हातात गेला. ते टाळून थेट १९४५. जपान्यांनी युद्धात कब्जा घेतलेला, त्या हिवाळ्यात उत्तरेत भयंकर दुष्काळ, लाखो माणसं मेली (आकडे चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत). भात होतं, पण ते ताग लावण्यासाठी मोडलेल्या शेतांमुळे आणि सक्तीच्या वसुलीमुळे लोकांपर्यंत पोचलं नाही. हो चि मिन्ह यांच्या व्हिएत मिन्ह या संघटनेने धान्याची कोठारं फोडली, आणि लोक त्यांच्यामागे गेले ते मार्क्स वाचून नव्हे. २ सप्टेंबर १९४५ ला बा दिन्ह चौकात हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. सुरुवातीची वाक्यं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली होती!

मग दिएन बिएन फू. याच्यावर मी तासभर बोलू शकतो, आवरतो. लाओसच्या सीमेजवळ डोंगरांनी वेढलेली दरी. फ्रेंचांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये पॅराशूटने माणसं उतरवून तिथे तळ केला. हिशेब असा की विमानं आपल्याकडे, तोफा आपल्याकडे, डोंगरावर तोफ चढवणं त्यांच्या बापाला जमणार नाही. व्हिएत मिन्हचे सेनापती जनरल झाप हे मूळचे इतिहासाचे शिक्षक, नेपोलियनच्या लढाया फळ्यावर काढून शिकवणारे. त्यांनी तोफा दोरांनी ओढून, माणसांच्या बळावर वर चढवल्या. जानेवारीच्या शेवटी हल्ल्याचा दिवस ठरला होता. ऐन वेळी त्यांनी तो रद्द केला आणि चढवलेल्या तोफा पुन्हा खाली ओढायला लावल्या. तयारी अपुरी आहे, हरू, म्हणून. सैनिक रडकुंडीला आले असणार. आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय हाच, असं ते पुढे सांगत.

आणि सायकली. सुमारे वीस हजार. फ्रेंच बनावटीच्या, बऱ्याच प्यूजो कंपनीच्या. त्यावर बसायचं नाही. हँडलला एक लांब बांबू बांधायचा, सीटच्या नळीत दुसरा उभा खोचायचा, दोन्ही बाजूंना पोती, आणि बाजूने चालत ढकलायचं. दोनशे किलोच्या वर माल एका सायकलीवर. शिवाय अडीच लाखांच्या आसपास हमाल. १३ मार्च १९५४ ला तोफा सुरू झाल्या. फ्रेंच तोफखान्याच्या प्रमुखाने, पिरो त्याचं नाव, आपला हिशेब साफ चुकला हे बघून दोन दिवसांत हातबॉम्बने स्वतःला संपवलं. ५६ दिवसांनी, ७ मे ला तळ पडला.

पुढचं सगळ्यांना सिनेमांमुळे माहीत आहे असा समज असतो. मी फक्त एका पुलाबद्दल लिहितो. जिनिव्हात जुलै १९५४ मध्ये करार झाला, १७ व्या अक्षांशाजवळ देश तात्पुरता दुभागला, दोन वर्षांत निवडणुका घेऊन जोडायचा ठरला. निवडणुका झाल्याच नाहीत; दक्षिणेच्या दिएम यांनी नकार दिला, अमेरिकेलाही निकाल काय लागेल ते दिसत होतं. सीमा झाली बेन हाय नदी, आणि तिच्यावर हिएन लुओंग पूल. मधोमध रेघ. दक्षिणेने आपल्या अर्ध्या पुलाला वेगळा रंग दिला की उत्तरेची माणसं आपला अर्धा त्याच रंगाने रंगवून टाकत, पूल एक दिसावा म्हणून. मग दक्षिण पुन्हा रंग बदले. दोन्ही काठांवर भोंगे, यांचा ध्वजस्तंभ उंच की त्यांचा यावरून चढाओढ. १९६७ मध्ये बाँबहल्ल्यात तो पडला. आता जुन्यासारखा बांधलाय, अर्धा निळा, अर्धा पिवळा, पर्यटक मधल्या रेघेवर फोटो काढतात.

अकरा वर्षं बाँब, रसायनं, ५८ हजारांवर अमेरिकन आणि तीसेक लाख व्हिएतनामी जीव, आणि मग ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडली. २ जुलै १९७६ ला देश अधिकृतपणे एक झाला. बाकी प्रतिसादांत बोलू.

रेवदंड्याचा

मास्तर, खुंटांबद्दल दोन शब्द, कारण आमचा धंदाच तो. डोलीचं जाळं बांधायला आम्ही समुद्रात खुंट मारतो. खुंट मारणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही, दोन-दोन होड्या, वीस-पंचवीस माणसं, आणि पाणी नेमकं लागतं. सुकती किती उतरणार, ओढ किती, तळाला चिखल किती हातावर आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या बघितलेला माणूसच सांगू शकतो. तेव्हा त्या सरदाराचं नाव इतिहासात असलं तरी खुंट कुठे मारायचे हे सांगणारा कोणीतरी तिथला कोळीच असणार, हे मी पैजेवर सांगतो.

दुसरं. आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या, दोन सुकत्या. माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, तो हायफाँगला जाऊन आलाय. त्याने सांगितलं की टोंकीनच्या आखातात दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी. म्हणजे पाणी उतरायला लागलं की बारा-बारा तास उतरतच राहतं. आपल्या खाडीत जहाज रुतलं तर सहा तासांनी परत तरंगेल. तिकडे अडकलं की दिवसभर बसा. हे ज्याला माहीत नाही त्याने त्या नदीत मोठं जहाज घालू नये.

भटकी सावली

वाचतेय. पुलाचं माहीत नव्हतं. सायकलीचा फोटो मिळाला तर टाका ना.

शंकासुर

लेख रंगतदार, पण मास्तर, हा सगळा जिंकलेल्यांच्या म्युझियममधला इतिहास झाला. काही शंका :

दिएन बिएन फूच्या तोफा आल्या कुठून? चीनने दिल्या. सल्लागार चिनी, तोफखान्याचं प्रशिक्षण चीनमध्ये. ते तुम्ही सायकलींच्या चाकाखाली दाबलंत.

१९५३ ते ५६ मध्ये उत्तरेत जमीनसुधारणेच्या नावाखाली हजारो लोकांना ‘जमीनदार’ ठरवून मारलं, त्याबद्दल खुद्द हो चि मिन्ह यांच्या सरकारला चूक कबूल करावी लागली. दिसत नाही लेखात.

१९६८ च्या तेतमध्ये हुए शहर महिनाभर कम्युनिस्टांच्या ताब्यात होतं. नंतर सामूहिक थडग्यांत दोन हजार आठशेच्या आसपास प्रेतं सापडली. तेही नाही.

फाळणीनंतर उत्तरेकडून दक्षिणेत आठ-दहा लाख लोक गेले, त्यात बहुतेक कॅथलिक. पुनर्मीलनाची एवढी ओढ होती तर हे का पळाले?

खडूस मास्तर

@शंकासुर, चारही मुद्दे बरोबर. लपवायचं नव्हतं, लांबी आवरत होतो, पण आवरताना काय गळतं त्यावरून माणूस कळतो हेही खरं.

चीनचं : हो. १०५ मिलिमीटरच्या तोफा मुळात अमेरिकन, चिनी कम्युनिस्टांनी जिंकून घेतलेल्या, तिथून इकडे. आणि जिनिव्हात व्हिएत मिन्हने तेराव्या अक्षांशापासून बोलणी सुरू केली होती, ती सतराव्यावर आणायला दबाव टाकला तोही चीननेच. दिलेल्या तोफांची किंमत वसूल झाली म्हणा.

हुएबद्दल तुम्ही म्हणता ते तसंच आहे. त्याच वर्षी १६ मार्चला मी लाय झालं, अमेरिकन सैनिकांनी गावातली बायका-पोरं मारली, व्हिएतनामच्या यादीत ५०४ नावं आहेत. एकाने दुसरं फिटत नाही. तिथे एका अमेरिकन हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने, ह्यू थॉम्प्सनने, आपल्याच सैनिकांवर बंदुका रोखून काही गावकऱ्यांना वाचवलं, हे जाता जाता.

तांबडा रस्सा

इतकं गंभीर चाललंय त्यात माझं खाण्याचं. मागच्या वर्षी सायगावला गेलो तेव्हा कू चीचे भुयारी मार्ग बघायला गेलो होतो. दोनशे किलोमीटरच्या वर लांबीचं जाळं, त्यातला पर्यटकांसाठी थोडा रुंद केलेला तुकडा. तरी माझं पोट अडकलं. गाईड हसला, म्हणाला अमेरिकनांचं पण असंच व्हायचं.

बाहेर आल्यावर लाकडी बाकावर बसवून एका ताटलीत खायला दिलं, ‘त्या वेळचं जेवण’ म्हणून. वाफवलेले पांढरे कंदाचे तुकडे, आणि लावायला शेंगदाण्याचं कूट, तीळ, मीठ, साखर. चव ओळखीची वाटत होती. बायको म्हणाली, अहो हा साबुदाण्याचा कंद आहे! म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा करतात तोच, कसावा. वर दाण्याचं कूट. अख्खं युद्ध ही माणसं आपल्या उपासाच्या पदार्थावर लढली. फक्त खिचडीत मिरची आणि तूप नव्हतं.

चुलीची गोष्ट पण भारी. जमिनीखाली स्वयंपाक केला की धूर वर येणार आणि विमान बाँब टाकणार. म्हणून चुलीपासून लांबच लांब चर खणून वर फांद्या आणि माती टाकायची. धूर त्यातून जाता जाता निवतो, दूर कुठेतरी धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो. त्यातही स्वयंपाक पहाटेच, खऱ्या धुक्यात खोटं धुकं मिसळायला. होआंग काम नावाच्या सैन्यातल्या आचाऱ्याने फ्रेंचांच्या वेळी काढलेली युक्ती, चुलीला त्याचंच नाव आहे. सेनापतींच्या नावाचे रस्ते जगभर असतात, आचाऱ्याच्या नावाची चूल एवढीच पाहिली.

भटकी सावली

@तांबडा रस्सा, उपासाचं युद्ध :)) विन मोकची भुयारं पण बघायची होती. सीमेच्या थोडंच उत्तरेला, अख्खं गाव जमिनीखाली राहत होतं, तीन मजले, विहीर, बाळंतिणीची खोली. सतरा मुलं तिथे जन्मली.

जुना बाजार

मी तिकिटं जमवतो, त्यामुळे माझा व्हिएतनाम वेगळ्याच दारातून आला. माझे मामा भारतीय सैन्याच्या सिग्नल विभागात होते. १९६२ च्या सुमाराला त्यांची बदली सायगावला झाली. युद्धाला नव्हे, तर त्या पुलाच्या दोन्ही बाजू करार पाळतात का ते बघायला. जिनिव्हा करारानंतर देखरेखीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्यात भारत, कॅनडा आणि पोलंड, अध्यक्षपद भारताकडे. मामा म्हणायचे, कॅनडावाला एका बाजूने लिहिणार, पोलंडवाला दुसऱ्या, आणि आपला साहेब दोघांच्या मधलं वाक्य शोधत रात्र काढणार.

त्यांची पत्रं आजीकडे यायची, त्यावर भारताच्या नकाशाचं साधं तिकीट आणि त्यावर काळ्या शाईत देवनागरीत छापलेलं, ‘आयोग’ आणि ‘वियतनाम’. आयोगाच्या भारतीय लोकांसाठी अशी खास तिकिटं आपल्या सरकारने काढली होती. कंबोडिया आणि लाओससाठी वेगळी. आजी पाकीट चुलीजवळ धरून तिकीट सुटं करायची, म्हणून माझ्याकडच्या दोन तिकिटांच्या कडा तपकिरी आहेत. तिकीटवाल्यांच्या हिशेबाने खराब, विकायची नाहीत.

आयोगाचं एक विमान सायगाव, व्हिएन्तिआन (लाओसची राजधानी), हनोई असं फिरायचं. जुनाट बोइंग, फ्रेंच वैमानिक. १८ ऑक्टोबर १९६५ ला ते व्हिएन्तिआनहून हनोईला निघालं ते तेरा जणांसह गायब झालं. त्यात आपलेही लोक होते. आजतागायत सापडलं नाही. मामा तोवर परत आले होते, पण त्या वैमानिकांना ते ओळखत. घरात हा विषय निघाला की उठून बाहेर जायचे.

निवृत्त ठाणेदार

@जुना बाजार, सुंदर प्रतिसाद. यात भर. भारतीय सैनिक त्याही आधी तिथे गेले होते आणि ते मात्र अभिमानाने सांगण्यासारखं नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला ब्रिटिश जनरल ग्रेसीच्या हाताखाली २० वी इंडियन डिव्हिजन सायगावला उतरली. ग्रेसीने लष्करी कायदा लावला, कैदेतल्या फ्रेंचांना सोडून बंदुका दिल्या, त्यांनी शहराचा ताबा घेतला. शरण आलेल्या जपानी सैनिकांनासुद्धा व्हिएत मिन्हविरुद्ध वापरलं. आपल्याकडे स्वातंत्र्याची चळवळ आणि तिकडे आपलीच पलटण फ्रेंचांना गादीवर बसवतेय. नेहरूंनी जाहीर निषेध केला होता. ऑक्टोबर १९५४ मध्ये तेच नेहरू पंतप्रधान म्हणून हनोईत गेले, व्हिएत मिन्हने शहर ताब्यात घेतल्यावर आठवडाभरातच.

मुक्ता ह्यूस्टनकर

धागा उशिरा पाहिला. मी इथे वीस वर्षं आहे, बेलेअर भागात. व्हिएतनामी दुकानं, दवाखाने, सगळीकडे त्यांची वस्ती. दरवर्षी ३० एप्रिलला इथे दक्षिण व्हिएतनामचे पिवळे झेंडे लागतात, तीन तांबड्या पट्ट्यांचे. तो देश आता नकाशावर नाही. तुमच्या लेखात तो विजयाचा दिवस आहे, इथे त्याला ‘काळा एप्रिल’ म्हणतात.

माझी शेजारीण साठीची आहे. ते सगळे तिला ताई म्हणतात त्या अर्थाचं काहीतरी, मी पण ताईच म्हणते. तिचे वडील दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन. जूनमध्ये हुकूम निघाला की अधिकाऱ्यांनी महिनाभर पुरेल एवढं सामान घेऊन ‘शिक्षणासाठी’ हजर व्हावं. आईने महिन्याचं हिशेबाने भरलं, दोन सदरे, टूथपेस्टची एक ट्यूब. ते सहा वर्षांनी परत आले. ताई आणि भाऊ तोपर्यंत होडीने निघून गेले होते. ती मलेशियाच्या एका बेटावर पोचली, अकरा महिने छावणीत होती. भाऊ वेगळ्या होडीत होता. एवढंच सांगते ती, पुढे सांगत नाही. समुद्रातून पोचलेले आठ लाखांच्या आसपास होते. न पोचलेल्यांचा नुसता अंदाज आहे, आणि तो लाखांत आहे.

मास्तर, तुम्ही लिहिलंत की मिंग सैन्याला घरी जायला पाचशे होड्या दिल्या. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला. परक्याला होड्या दिल्या. यांना आपली होडी स्वतःच सोनं मोजून विकत घ्यावी लागली.

खडूस मास्तर

मुक्ताताई, दोन दिवस काय लिहावं कळत नव्हतं. तुमची ओळ मला सुचायला हवी होती, सुचली नाही.

यात भर एवढीच घालू शकतो. सायगावजवळ बिएन होआला दक्षिणेच्या सैनिकांचं मोठं दफनस्थान आहे. १९७५ नंतर ती जागा लष्कराच्या ताब्यात गेली, २००६ पर्यंत नातेवाइकांना नीट जाताही येत नव्हतं. उलट उत्तरेच्या सैनिकांसाठी गावोगावी हुतात्म्यांची दफनस्थानं, च्युओंग सन इथल्या एकट्या ठिकाणी दहा हजारांवर कबरी, सगळ्या रांगेत, धुतलेल्या. एकाच घरात एक भाऊ उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून गेला अशी कुटुंबं त्या देशात कमी नाहीत. देव्हाऱ्यात आई दोघांचे फोटो ठेवते, सरकारचा कागद एकाचाच येतो.

शंकासुर

यावरून फाम सुआन आन आठवला. सायगावमध्ये ‘टाइम’ मासिकाचा बातमीदार, अमेरिकनांचा लाडका, आणि आतून उत्तरेचा हेर. दोन्हीकडची कामं चोख करायचा म्हणे. सायगाव पडताना बायको-मुलांना अमेरिकेला पाठवलं, स्वतः राहिला. उत्तरेने पदकं दिली, पुढे जनरलही केलं, पण मधे राजकीय शिकवणीच्या वर्गालाही बसवलं, कारण इतकी वर्षं अमेरिकनांत राहिलेल्या माणसाचा भरवसा काय! स्वतःच्या हेराला!

दगडफोड्या

एवढं रडायचं काय? जे देशाच्या शत्रूबरोबर उभे राहिले त्यांना शिक्षा होणारच. जगात सगळीकडे होते.

मुक्ता ह्यूस्टनकर

@दगडफोड्या, ताईचे वडील अठराव्या वर्षी सक्तीच्या भरतीत गेले. त्यांचं गाव नदीच्या अलीकडे होतं, पलीकडे असतं तर तुम्ही म्हणता त्या योग्य बाजूला असते.

चौथा कोपरा

सगळे १९७५ ला थांबलेत. परकीय सत्तांशी युद्ध तिथे संपलंच नव्हतं. कंबोडियात सत्तेवर असलेल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाने सीमेवरची गावं कापायला सुरुवात केली, एप्रिल १९७८ मध्ये बा चुक गावात तीन हजारांवर लोक मारले. व्हिएतनाम डिसेंबरच्या शेवटी कंबोडियात घुसलं, ७ जानेवारी १९७९ ला फ्नोम पेन्ह घेतलं आणि पोल पॉटची ती भयानक राजवट संपवली. जगाने आभार मानायच्या ऐवजी बहिष्कार घातला, राष्ट्रसंघात ख्मेर रूजचीच खुर्ची चालू राहिली. कंबोडियातल्या नव्या सरकारला मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता, १९८० साली.

आणि १७ फेब्रुवारी १९७९ ला चीन ‘धडा शिकवायला’ उत्तरेकडून आला. त्या दिवशी आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनमध्येच दौऱ्यावर होते, ते दौरा अर्धवट टाकून परतले. व्हिएतनामचं मुख्य सैन्य कंबोडियात अडकलेलं, सीमेवर बहुतेक स्थानिक दलं आणि मिलिशिया, तरी चीनने महिन्याभरात माघार घेतली. जाताना लांग सन, काव बांग ही शहरं जमीनदोस्त करून गेले.

मास्तरांचा नजराणा इथेही आहे बरं का. १९९१ ला चीनशी संबंध पूर्ववत झाले आणि त्या युद्धाबद्दल सरकारी पातळीवर बराच काळ शब्द काढायचा नाही असा अलिखित नियम झाला. जे सैनिक त्यात मेले त्यांच्या घरच्यांना हे फार लागतं.

तांबडा रस्सा

एक शंका. सायगावला दक्षिणेच्या अध्यक्षांच्या राजवाड्याच्या आवारात १९७५ ला आत शिरलेले म्हणून दोन रणगाडे ठेवलेत, ८४३ आणि ३९०. गाईड म्हणाला फाटक तोडणारा ३९०, पण बायकोच्या जुन्या पुस्तकात ८४३ आहे. खरं काय?

खडूस मास्तर

@तांबडा रस्सा, गाईड बरोबर. ३० एप्रिलला ८४३ आधी पोचला, पण बाजूच्या फाटकाला धडकून अडकला. मुख्य फाटक तोडून आत गेला ३९०. मात्र ८४३ चा कमांडर उतरून झेंडा घेऊन पळत वर गेला आणि त्याने तो फडकवला, त्यामुळे सगळं श्रेय त्या रणगाड्याला चिकटलं. वीस वर्षं पाठ्यपुस्तकांत तेच. नव्वदच्या दशकात एका फ्रेंच छायाचित्रकार बाईंनी त्या क्षणी काढलेला फोटो पुढे आला, त्यात ३९० दिसतो. तोवर त्या रणगाड्यावरची माणसं गावाकडे साधी कामं करत होती. बाकी राजवाड्यातले आहेत ते नमुने, अस्सल दोन्ही हनोईत आहेत.

आणि वेळ असेल तर पुढच्या वेळी विमानाऐवजी हनोई-सायगाव रेल्वेने जा. १७२६ किलोमीटर. १९७६ च्या शेवटी तुटलेले पूल जोडून सुरू केली, तिला ‘थोंग न्यात’ म्हणजे एकीकरणाची गाडी म्हणतात. दीड दिवस लागतो. बेन हाय नदी लागते तेव्हा बहुतेक लोक झोपलेले असतात.

रेवदंड्याचा

मुलगा पुढच्या महिन्यात परत हायफाँगला जातोय. जमलं तर म्युझियममधल्या खुंटाचा फोटो काढ म्हणून सांगितलंय. लाकूड कुठलं ते बघायचंय मला.

खडूस मास्तर

लिम म्हणतात त्याला, लोखंडासारखं जड लाकूड. १९५३ च्या सुमाराला पहिले सापडले, चिखलात सातशे वर्षं न कुजता. फोटो आला की इथेच टाका.

शंकासुर

धाग्याची लिंक आमच्या काकांना पाठवली, तो मूळ मेसेज मला त्यांनीच पाठवला होता. आत्ता उत्तर आलं : ‘फार छान माहिती. जय शिवराय.’ आणि खाली तोच मेसेज पुन्हा. या वेळी फोटोसकट.